केसालाही धक्का

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे! दोन ट्रंका, गाद्यांची एक वळकटी, कानशींची पेटी आणि एक नवरा, सगळं शाबूत पोचलं. मालट्रकच्या पुढच्या सीटवर तिघांच्या जागेत चौघं बसून सात तास आलो, कमरेचा पार भुगा झालाय, पण मन कसं हलकं आहे. बावीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या हुकमाखाली काढली. आता या लाकूडगिरणीच्या दवाखान्याची मी एकटी मालकीण. नर्स मीच, मेट्रन मीच, झाडूवालीही मीच!

ह्यांना इथल्या करवतींना धार लावायचं काम मिळालंय. घर दोन खोल्यांचं, गिरणीच्या आवारातच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओंडक्यांचे ढीग दिसतात आणि सगळीकडे भुसा. भांड्यांत भुसा, उशीत भुसा, चहात सुद्धा. हे म्हणाले, साखर कमी पडली तर चालेल आता.

दवाखाना चार पावलांवर. एक खाट, काचेचं कपाट, हत्यारं उकळायचं भांडं आणि टेबलावर अपघातांची जाडजूड वही. रकाने आखलेले: तारीख, कोण, कुठला अवयव, कारण. अकरा वर्षांची पानं, सगळी कोरी! गिरणीत अकरा वर्षांत साधं बोट कापलं नाही म्हणे. मागच्या सिस्टरबाई खुर्चीत बसून स्वेटर विणत असणार, दुसरं काय. मी असला आळस खपवून घेत नाही.

पण खरी गोष्ट राहिलीच. ट्रक फाटकाशी थांबला आणि मी वर पाहिलं तर कमानीवर लोखंडी अक्षरं: 'तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही'. माझे पाय तिथंच खिळले.

गेल्या वर्षी ह्यांना ताप आला होता. एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले. मी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि देवाशी कडाकडा भांडले. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की देवसुद्धा गप्प ऐकून घेतो. त्या दिवशी मात्र तो बोलला. शेजारच्या खाटेवरून कुणी बोलावं इतकं स्पष्ट: त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आणि महिन्याभरात ह्यांच्या डोक्यावरचे झाडून सगळे केस गेले! भुवया सुद्धा. बाकी माणूस ठणठणीत. तेव्हापासून मी देवाला टोमणे मारते, की बाबा रे, ज्याचा शब्द दिलास तेवढंच नेमकं घालवलंस.

आणि इथं कमानीवर तेच वाक्य. फक्त 'त्याच्या'ऐवजी 'तुमच्या'. म्हणजे आता मीही त्यात आले. संध्याकाळी सामान लावता लावता म्हटलं, देवा, एवढं बोललायस तर शब्द पुरा कर, ह्यांचे केस परत दे. हे हसत होते. म्हणाले, मला कंगव्याचा खर्च नको.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज गिरणी पाहिली. पाहिली कसली, जीव मुठीत धरून बाहेर आले!

मोठी गोल करवत माझ्या उंचीची. तिला फिरवणारे कातडी पट्टे छतापासून जमिनीपर्यंत सणसणत असतात. आणि त्या पट्ट्यांच्या मधे वावरणारी माणसं, बाई काय पुरुष काय, सगळ्यांचे केस कमरेपर्यंत आणि मोकळे! ना गाठ, ना वेणी, ना रुमाल. पंख्याच्या वाऱ्यानं ते उडतायत, पट्ट्याला घासून जातायत, आणि माणसं गप्पा मारत फळ्या उचलतायत. हॉस्पिटलात असताना पट्ट्यात केस अडकलेली एक मुलगी आणली होती. तिच्या डोक्याची कातडी वेगळ्या पिशवीत आणली होती. मी तिथंच किंचाळले.

मुकादम धावत आला. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले पण गुडघ्यांशी पोचतील इतके. त्यानं मला शांतपणे समजावलं. गिरणीच्या पहिल्या मालकाला देवानं कमानीवरचा शब्द दिला. तेव्हापासून इथं कुणी केस कापत नाही की बांधत नाही. केस बांधणं म्हणजे तुझा भरवसा वाटत नाही असं त्याच्या तोंडावर सांगणं. एवढंच आम्ही पाळतो, म्हणाला, बाकी सगळं तो पाळतो.

मी म्हटलं, माझाही देवावर विश्वास आहे, पण पट्ट्यावर नाही. देवानं डोकं दिलंय ते वापरायला. त्यानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात! तशीच ऑफिसात गेले आणि साहेबांकडून टोप्यांचा हुकूम लिहून घेऊन आले. जाड कापडाच्या, नाडीवाल्या, केस आत कोंबून घालायच्या. शिवणार मीच.

१० फेब्रुवारी, सोमवार

आठ टोप्या झाल्या. बोटांची चाळण झालीय सुईनं. कुणी घालेना. तोंडावर हो हो सिस्टर म्हणतात आणि टोपी खिशात. शेवटी मोठ्या करवतीवरचा उंच्या तयार झाला. साडेसहा फुटांचा माणूस, सगळे उंच्याच म्हणतात, त्याची बायकोही. ताई एवढी जीव तोडून सांगतेय तर एक दिवस घालतो, म्हणाला. मुकादम मान फिरवून निघून गेला. फुगू दे.

आणि दुसरी बातमी. मी चहा ठेवत होते आणि हे खिडकीपाशी उजेडात बसले होते. टकलावर काहीतरी चमकलं. जवळ जाऊन पाहते तर केस! सात. मोजले. बारीक, काळेभोर, जावळासारखे. मी ह्यांना कवटाळलं, चहा उतू गेला, गॅस विझला, कुणाला शुद्ध! गिरणीतले ह्यांना टकलूशेठ म्हणतात, आता नवीन नाव शोधा म्हणावं.

देवा, तुझं तोंड गोड होवो. मी टोमणे मागे घेते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

 लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

साडेदहाला आरडाओरडा झाला. चौघांनी उंच्याला फळीवर घालून आणलं. उजवा हात कोपरापासून नव्हता. दंडाला रबराची नळी आवळली, तरी रक्त माझ्या तोंडावर उडत होतं. टोपी डोळ्यांवर घसरली म्हणून ती वर करायला त्यानं हात उचलला, तोल गेला, आणि तोच हात खाली टेकला. करवतीवर. त्याचं ओरडणं ऐकून गिरणीतले सगळे पट्टे थांबले होते. तो ताई, ताई म्हणून मलाच हाक मारत होता.

जखमेभोवतीचे केस काढायला वस्तरा घेतला. नवा, कालच आलेला. वस्तरा केसावर चालेना. अक्षरशः घसरत होता, काचेवरून घसरावा तसा. जोर दिला तर पातं केसाखाली शिरलं आणि चामडी सोलली गेली. केस जागच्या जागी. मी घाबरून वस्तरा टाकला आणि तसेच टाके घातले.

मग मुकादमानं गोणपाटात गुंडाळलेला तो हात आणून ठेवला. हाडाचा चुरा झाला होता, तीन बोटं नव्हती. आणि मनगटावरची लव? सगळी नीट एका दिशेला बसलेली, रक्ताचा थेंबही नाही तिच्यावर. मुकादमानं तिच्यावरून हळूच बोट फिरवलं आणि उंच्याची टोपी खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

दुपारी शहरातून गाडी आली आणि उंच्याला घेऊन गेली. वहीत पहिली नोंद केली. अवयव: उजवा हात. कारण: मशीन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मी मागे हटणारी नाही. एक अपघात झाला म्हणजे खबरदारी वाढवायची की सोडायची? टोपीनं घोळ होतो तर टोपी नको, पण केस तरी घट्ट बांधा. ऑफिसातून दुसरा हुकूम काढला: केस मोकळे दिसले तर फाटकातून परत. लोक कुरकुरत का होईना, गाठी मारायला लागले.

फळ्यांचे गठ्ठे बांधणाऱ्या मावशी दवाखान्यात आल्या. साठीच्या आहेत, केस अजून दाट. तूच बांधून दे म्हणाल्या, मी आयुष्यात कधी वेणी घातली नाही. मी त्यांचा घट्ट आंबाडा बांधला. मावशी आरशात बघून लाजल्या, म्हणाल्या, मान कशी उघडी उघडी वाटतेय. निघताना दारात थांबल्या आणि विचारलं, त्याला राग तर नाही ना येणार. मी हसून त्यांना पुढे ढकललं.

ह्यांचे केस बोटभर झाले. चार दिवसांत! डोकं काळं दिसायला लागलंय. हे स्वतःच हात फिरवून बघतात आणि पोरासारखे हसतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मावशी गेल्या.

गठ्ठ्याला आवळायची पोलादी पट्टी तुटली आणि सुटली. मी स्वतः तिथं होते, केस बांधलेत की नाही बघत फिरत होते. सट् असा आवाज आला. मावशी माझ्याकडे वळल्या तर त्यांचा खालचा जबडा नव्हता. जीभ गळ्यावर लोंबत होती. त्या काहीतरी सांगत होत्या मला, बोटानं डोक्याकडे दाखवत होत्या, घशातून नुसतं बुडबुड रक्त येत होतं. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. काय दाबणार? धरायला काही उरलंच नव्हतं. माझ्या मांडीवर सात मिनिटांत गेल्या.

आंबाडा जसाच्या तसा. मी खोचलेला आकडासुद्धा हलला नाही.

माझ्या हातांना अजून त्यांच्या रक्ताचा वास येतोय. कितीदा धुतले. कारण: मशीन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुकादमाला एक धाकटा भाऊ आहे. होता. फारसा बोलायचा नाही म्हणून त्याला गप्पू म्हणायचे. सकाळी तो माझ्याकडे आला, पांढराफटक पडलेला. त्याला पहिल्यांदाच इतकं बोलताना ऐकलं. उंच्याचे केस वाचले, मावशींचे केस वाचले, म्हणजे देवाला फक्त केसच हवेत, बाकी आपण नकोच आहोत. माझे कापून टाका, सिस्टर. हात जोडत होता.

मी कात्री लावली. केस पात्यांतून निसटतात. मुठीत धरून, ओढून, दहा वेळा. एक तुटला नाही. कात्रीचा खिळा तुटला.

तो उठून गेला. वाटलं घरी गेला. तो ह्यांच्या धारेच्या खोलीत गेला. हे पाणी प्यायला बाहेर आले होते. तिथं धार तपासायची छोटी करवत असते. ती चालू करून त्यानं पाटावर पसरावेत तसे केस पात्यापुढे पसरले आणि मान जवळ नेली.

करवत केसांवरून चढून पुढे गेली.

हे पोचले तेव्हा धड आडवं होतं, पाय झाडत होतं. डोकं चाकापाशी. केस पसरलेले, मोकळे, एकही कापला नव्हता. ह्यांना उलट्या थांबेनात. मी त्यांचं डोकं धरलं आणि माझी बोटं त्यांच्या केसांत रुतली. मानेपर्यंत आलेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आता सगळं कळलं. इतके दिवस मीच आंधळी.

तो शब्दाला जागतो. अक्षरशः जागतो. केसाला धक्का लागणार नाही म्हणाला, म्हणजे केसाला नाही. हाताला, जबड्याला, गळ्याला लागणार नाही असं कुठं म्हणालाय? तो केस राखतो आणि बाकीचं घेतो. देवानं केसानं गळा कापला म्हणतात तो असा!

तापात ह्यांचे केस गेले म्हणून हे वाचले. टकलावर त्याचा शब्दच लागू नव्हता. आणि मी? मी मूर्ख बाई, मी भांडून भांडून मागून घेतले ते केस. खांद्यापर्यंत आलेत आज.

निघून जाऊया म्हटलं तर ट्रक शनिवारी. आणि जाऊन तरी काय? मला शब्द इथं नव्हता मिळाला, हॉस्पिटलात मिळाला होता. तो कमानीपुरता नाही.

हे मात्र शांत आहेत. म्हणाले, एवढ्या मोठ्या तापातून त्यानंच काढलं ना, मग आता का मारेल? तूच तर सांगत होतीस वर्षभर. मी ओरडले त्यांच्यावर. ह्यांनी कधी देवाला हात जोडले नाहीत आणि आता मला भरवसा शिकवतात! मग रडले. ह्यांनी डोळे पुसले माझे.

केस काढायचेच. काहीही करून.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातली मोठी कात्री, कापसाचे गठ्ठे कापायची. हे निमूट खुर्चीत बसले, मान खाली घालून, न्हाव्यापुढे बसावं तसे. मी सगळी ताकद लावली. पाती केसांवरून सरकली आणि मिटली.

उजवा कान. अर्धा.

तो भुशात पडला. हे ओरडले नाहीत, नुसतं हुं म्हणाले आणि माझा हात धरला. बघ तुला लागलं का, म्हणाले. मला!

हे त्याचंच काम. माझ्या हातून करवून घेतो. टाके घातले. नोंद केली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ट्रक आला, गेला. आम्ही नाही गेलो.

उकळतं पाणी केसांच्या मुळाशी गेलं तर मुळं मरतील. बावीस वर्षं भाजलेली माणसं पाहिलीत, जिथं खोल भाजतं तिथं केस उगवत नाही. डाग राहील, माणूस राहील. ह्यांना सांगितलं.  म्हणाले, तुला बरं वाटणार असेल तर ओत. डोळ्यांवर टॉवेल घट्ट धरायला सांगितला.

पाणी केसांना लागलंच नाही. छत्रीवरून ओघळावं तसं सगळं ओघळलं, टॉवेलात शिरलं, आणि टॉवेल त्यांनी धरलेला होता घट्ट. मीच सांगितलं होतं घट्ट —

डोळे शिजले.

या वेळी ओरडले. आख्खं आवार ऐकत होतं. चामडी टॉवेलाबरोबर निघाली. मी मलम लावतेय आणि मधे मधे केसांतून हात फिरवतेय. कोरडे. मऊ. कमरेपर्यंत.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुकादम दारात येऊन उभा राहिला. भावाचं सुतक डोळ्यांत. म्हणाला, सिस्टर, आता तरी हात आवरा, त्यांना राहू द्या त्याच्या हवाली. मी पाण्याचं भांडं फेकलं अंगावर. त्याच्या हवाली, म्हणे! हाकलून दिला.

गिरणीत परत सगळे केस मोकळे सोडून फिरतायत. खिडकीतून दिसतात. वेडे. मरतील सगळे.

ह्यांना ताप आहे. मला शहरात ने म्हणाले एकदा. नेईन, हे झालं की लगेच. केस असताना कुठं नेऊ? वाटेत ट्रक उलटेल.

देवाशी बोलत नाही मी आता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

केस कापले जात नाहीत. मान्य. मग केस कापायचेच नाहीत.

केसाखालून. कातडी. ती तर कापली जाते, वस्तऱ्यानं पहिल्याच दिवशी दाखवलं. किती खोल जायचं मला ठाऊक आहे, हजार वेळा डॉक्टरांना हत्यारं दिलीत हातात. भूल आहे कपाटात. थोडी आहे. पुरेल.

ह्यांना सांगितलं. डोळे बांधलेले, चेहरा कळत नाही. हात चाचपडत माझ्या गालाला लावला. म्हणाले, तुझ्यावर माझा भरवसा आहे.

सकाळचे दहा. उजेड चांगला आहे. हत्यारं उकळतायत. हात स्थिर —

२४, दुपार

भूल पुरली नाही.

कपाळापासून सुरुवात केली. कानामागून. मागून. ओढावं लागतं, सालीसारखं सहज येत नाही. मधेच जागे झाले. मी गुडघ्यानं छाती दाबून धरली. थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय, म्हणत होते मी. माझं नाव घेत होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, नावानं कधी हाक मारली नव्हती.

निघाले. सगळे. एका तुकड्यात.

वाचले आता. केस नाहीत. वाचले. थंड पडलेत, पण रक्त गेलंय ना, म्हणून. पांघरूण घातलंय. झोपू दे.

२५ फेब्रुवारी

हलत नाहीत.

केस तसराळ्यात आहेत. रक्तात बुडवलेले, तरी कोरडे. उजेडाला धरून एकेक पाहिला. एक तरी तुटलेला सापडू दे. एक तरी! म्हणजे तो खोटा ठरेल.

सगळे नीट आहेत.

त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

२५, नंतर

मुकादम आला. बाकी दारात उभे.  त्यानं ह्यांच्यावर चादर नीट ओढली. मग टेबलाशी गेला आणि वही उघडली, माझ्या पानाआधीची पानं उलटत राहिला. कोरी. कोरी. कोरी. म्हणाला, मागच्या सिस्टर आळशी नव्हत्या, बाई. रोज सकाळी वही उघडून बसायच्या. लिहायला काही घडलंच नाही. अकरा वर्षं.

अकरा वर्षं मोकळे केस. पट्टे. करवत. काही नाही.

टोपी मी घालायला लावली. आंबाडा मी बांधला. गप्पूला भीती मी घातली. आणि हे — हे तर नुसते बसून होते. भरवसा ठेवून. त्यांना कुणीच काही करत नव्हतं. त्यांचे केस परत दिले होते त्यानं. शब्द पुरा करत होता. नुसते वाढत होते ते केस. एवढंच. नुसते वाढत —

तापातून काढलं होतं त्यानं ह्यांना. पुरतं काढलं होतं.

वहीत लिहायला बसले. तारीख, २४ फेब्रुवारी. कोण, माझा नवरा. अवयव, कान, डोळे, डोकं. कारण —

कारण —

२६ फेब्रुवारी, सकाळ

गिरणीत आहे. मोठ्या पट्ट्याशेजारी बाकावर. मुकादमाला म्हटलं इथं बसते. बसा म्हणाला, वाटेल तेवढा वेळ बसा.

सगळे कामावर. केस मोकळे. एका बाईचे पट्ट्यावरून गेले, आले. ती गाणं गुणगुणतेय.

मीही सोडले. पहिल्यांदाच.

'तुमच्या' म्हणजे माझ्याही. शब्द दिलाय. शब्द खरा आहे, माझ्याइतकं कुणाला माहीत? आता नाही शंका घेणार. ह्यांनी ठेवला तसा भरवसा ठेवणार. मग तो मला काही करणार नाही, आणि मग मी जगत राहीन, तीच शिक्षा, कबूल. घाबरायचं नाही. घाबरत नाहीये मी.

पट्ट्याचा वारा फार आहे. केस सारखे तिकडेच ओढले जातायत, लिहिताना डोळ्यांवर येतात, काही दिसत नाही. विश्वास आहे माझा. आहे. फक्त लिहिण्यापुरते, डाव्या हातानं जरासे धरून ठे